वाचक विचारतात : खाडी, खारफुटी आणि आपण पुणेकर

मागच्या अंकात कोकणातल्या खाड्यांवर आणि तिथल्या चिखलावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. सगळी छापता येणार नाहीत, सहा निवडलीत. थोडी लहान केलीत, आणि एका पत्रातले दोन शब्द संपादकांनी काढायला लावले, असो.

प्रश्न : ताई, दर अंकात काहीतरी वाचवा म्हणता. आता समुद्रकाठचा चिखल. अहो, इथे मुठेची काय अवस्था आहे ते आधी बघा. समुद्र आमच्यापासून शे-दीडशे किलोमीटर लांब, आमचा काय संबंध? उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : दिलंच पाहिजे असं नाही म्हणालात म्हणून मुद्दाम देतेय. संबंध पाण्याचा आहे आणि तो दोन्ही दिशांनी आहे. आपली मुळा-मुठा जाते भीमेला, भीमा उजनीत थांबून पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते आणि कृष्णा जाते आंध्रात बंगालच्या उपसागराला. म्हणजे तुमच्या पेठेतलं सांडपाणी तत्त्वतः अरबी समुद्राकडे नाही, पार दुसऱ्या किनाऱ्याकडे निघालेलं असतं. तिथे कृष्णेच्या मुखाशी मोठा त्रिभुज प्रदेश आहे, खारफुटीचं, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचं, जंगल आहे, अभयारण्य आहे. हे जंगल उभं राहतं नदीने आणलेल्या गाळावर, आणि तो गाळ वाटेत उजनी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशा धरणांमध्ये बसतो. नवा गाळ येईना झाला की जुना दबत जातो, समुद्र पुढे सरकतो, आणि कोणी एक झाड न तोडताही जंगल मागे हटायला लागतं.

आता पश्चिमेचं. मुळशी धरणाचं पाणी वीज करायला घाटाखाली भिऱ्याला सोडतात आणि ते कुंडलिका नदीत जातं. कोलाडला राफ्टिंगला गेला असाल (नसाल तर घरातली पोरं नक्की गेली असतील) तर ती बोट चालते ती या सोडलेल्या पाण्यावरच, मूळचं मुळेचं पाणी, जे खरं तर पुण्याकडे आलं असतं. पुढे ही कुंडलिका रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीला जाते, तिथे दोन्ही काठांना खारफुटी आहे. याच धरणासाठी 1921 मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापटांचा, तो आपण शाळेत शिकलो. ते पाणी खाली जाऊन काय करतं हे मात्र कोणी शिकवलं नाही.

आणि मुठेचं आधी बघा म्हणता ते मान्यच आहे, पण दुखणं एकच आहे हो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते तुमच्या पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर घडलं. पाण्याची पसरायची जागा आपण बांधून काढली, पाणी घरात आलं. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला, त्यात भरती, आणि मिठी नदीचं पात्र अन् तिच्या मुखाची दलदल आधीच भराव टाकून टाकून आवळलेली. पाऊस आपल्या हातात नव्हता, भराव होता.

प्रश्न : आम्ही दोघं आयटीत आहोत, श्रीवर्धनच्या बाजूला खाडीलगत 10 गुंठ्यांचा प्लॉट बघितलाय, वीकेंड होम करायचंय. मागच्या बाजूला चिखल आणि झुडपं आहेत. एजंट म्हणतो ती जंगली झाडं आहेत, जेसीबी लावून एका दिवसात क्लीन करून देतो, वर भराव टाकून मस्त लेव्हल करून देतो, सगळे करतात. करावं का? (हिंजवडी)

उत्तर : नका करू. आणि हे मी पर्यावरणाचं प्रेम म्हणून नंतर सांगेन, आधी तुमच्या पैशासाठी सांगते.

ती झुडपं तिवर किंवा चिप्पी असण्याची शक्यता भरपूर, म्हणजे खारफुटी. कोकणातली जमीन आपली, सातबारा आपल्या नावावर, मग झाडही आपलं असं इथे चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये आणि मग 2018 च्या निकालात हे स्पष्ट केलंय की जमीन कोणाच्याही मालकीची असो, खारफुटी तोडायची नाही, तिथे भराव टाकायचा नाही, आणि तिच्या भोवती 50 मीटरचा पट्टा बांधकामाशिवाय सोडायचा. खारफुटी नष्ट करणं म्हणजे घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कावर घाला, इथपर्यंत न्यायालय गेलंय. आता 10 गुंठे म्हणजे साधारण हजार चौरस मीटर, त्यातून 50 मीटरचा पट्टा वजा केला की काय उरतं ते तुम्हीच एक्सेलमध्ये मांडून बघा. जेसीबी एजंटचा असेल पण जमीन तुमच्या नावावर असेल, नोटीस कोणाच्या नावाने येईल हे सांगायला नको. शिवाय हल्ली उपग्रहाचे जुने फोटो कोणालाही मोबाईलवर बघता येतात, कधी हिरवं होतं आणि कधी मातकट झालं हे लपत नाही.

त्यामुळे व्यवहाराच्या आधी सर्वे नंबर घेऊन महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधनं घालणारा नियम) नकाशावर तो कुठे बसतो ते बघा. भरतीरेषेपासून किती मीटर सोडायचं हे खाडी आहे की उघडा समुद्र, गाव कुठल्या वर्गात आहे यावर बदलतं, 2011 ची अधिसूचना वेगळी आणि 2019 ची वेगळी, म्हणून एजंटच्या तोंडच्या आकड्यावर विसंबू नका. सातबाऱ्यावर खार किंवा खाजण (खाडीचं खारं पाणी शिरतं अशी जमीन) असा काही उल्लेख दिसला तर तिथेच थांबून वकिलाला विचारा. आणि एक काम स्वतः करा, अमावस्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला त्या प्लॉटवर जाऊन उभे रहा, शक्यतो पावसाळ्यात. एजंट तुम्हाला नेहमी ओहोटीला नेतो, हे माझं निरीक्षण.

आता दुसरं कारण. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्याच बाजूने जमिनीवर आलं, सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, पुण्यातही झाडं पडली होती तेव्हा. खारफुटी वारा थांबवत नाही, ते खोटं कशाला सांगू. पण लाटेचा जोर आणि आत घुसणारं पाणी ती अंगावर घेते. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळानंतर केंद्रपाडा जिल्ह्यातल्या गावांचा अभ्यास झाला, तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गाव आणि समुद्र यांच्यामध्ये खारफुटीचा पट्टा जितका रुंद तितके मृत्यू कमी असं दिसलं. त्याच अभ्यासात हेही म्हटलंय की सरकारने वेळेवर दिलेल्या इशाऱ्याने त्याहून जास्त जीव वाचले, म्हणजे खारफुटी हा काही जादूचा ताईत नाही. पण वीकेंड होम उठून सुरक्षित जागी जाऊ शकत नाही ना. ते तिथेच राहणार.

तिसरं, समुद्राची पातळी वाढतेय. पातळी वाढली की खारफुटी हळूहळू जमिनीच्या बाजूला सरकू शकते, बिया भरतीबरोबर आत येतात आणि रुजतात. पण आत तुमची कंपाउंड वॉल असेल तर? एका बाजूने पाणी आणि दुसऱ्या बाजूने भिंत, मधल्या मधे ती संपते. एकट्या तुमच्या भिंतीने नाही संपणार, पण किनाऱ्यावर 10-10 गुंठ्यांच्या भिंती एकामागे एक उभ्या राहतायत त्याचं काय.

प्लॉट घ्यायचाच असेल तर गावाच्या वरच्या अंगाला घ्या, चढावर. खाडी तिथूनही दिसते, विहीर गोड लागण्याची शक्यता जास्त, खालच्या बाजूला पाणी मचूळ व्हायची भीती कायम. (शेतजमीन असेल तर शेतकरी असल्याचा दाखला लागेल, तो विषय निराळा, एजंट त्यावरही काहीतरी जुगाड सांगेल, तेही ऐकू नका.)

प्रश्न : मी सातवीत आहे. बाबा मला भिगवणला फ्लेमिंगो दाखवायला घेऊन गेले होते. नवी मुंबईच्या फ्लेमिंगोंना त्रास होतो असं वाचलं. मग ते सगळे भिगवणलाच का येत नाहीत? (कात्रज)

उत्तर : भारी प्रश्न. आधी एक गंमत, तू भिगवणला बघितलेस ते बहुतेक मोठे रोहित. (मराठीत फ्लेमिंगोला रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात.) ठाण्याच्या खाडीत दोन्ही जाती येतात पण तिथे गर्दी असते ती छोट्या रोहितांची. दोघंही मान खाली घालून चोच उलटी करून पाणी गाळतात, पण मोठ्याची गाळणी जाड, तो बारीक कोळंबीसारखे जीव, किडे, शिंपल्यातले जीव खातो, आणि छोट्याची गाळणी फार बारीक, त्याला लागतं ते डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. त्यांचा गुलाबी रंगही खाण्यातूनच येतो. ठाण्याच्या खाडीत सांडपाणी इतकं येतं की शेवाळाला खत मिळतं, आणि छोट्या रोहितांना जेवण. ऐकायला विचित्र वाटतं ना, पण म्हणून घाण पाणी चांगलं असं समजू नकोस, प्रमाण आणखी वाढलं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात.

दुसरी गोष्ट, भिगवणला पाणी धरणाचं आहे, ते महिन्यामहिन्याने कमी होतं. खाडीत पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. ओहोटीला उघडा चिखल मिळाला की पक्षी तिथे जेवतात. भरती आली की तो चिखल बुडतो, मग ते जवळच्या उथळ तळ्यांवर जाऊन थांबतात आणि पाणी उतरलं की परत येतात. म्हणजे त्यांना एक जागा पुरत नाही, जेवायची वेगळी आणि थांबायची वेगळी, आणि दोन्ही जवळ जवळ पाहिजेत. ठाणे खाडीचा भाग 2015 ला अभयारण्य झाला, 2022 ला रामसर यादीतही आला (इराणमधल्या रामसर गावी 2 फेब्रुवारी 1971 ला पाणथळ जागांसाठी जगातल्या देशांचा करार झाला, ती यादी), पण थांबायची बरीचशी तळी या हद्दीच्या बाहेर, नवी मुंबईत बिल्डिंगांच्या मधे आहेत. 2024 मध्ये नेरुळच्या अशाच एका तळ्यापाशी रोहित मेले, तेव्हा पक्षीप्रेमींची तक्रार होती की भरतीचं पाणी आत यायची वाट बुजली म्हणून तळं आटलं. तळ्याला कोणी हातही लावलेला नसतो बघ, फक्त पाण्याची वाट बंद होते.

बाबांना सांग, ऐरोलीला वनविभागाच्या केंद्रातून बोटीने खाडीत नेतात, हिवाळ्याच्या शेवटी जा. आणि निघायच्या आधी भरतीची वेळ बघा, म्हणजे चिखल किती उघडा असेल याचा अंदाज येईल.

प्रश्न : माझं माहेर पेणकडचं, लग्न होऊन पुण्यात आले त्याला पन्नासेक वर्षं झाली. आमच्या लहानपणी खाडीत जिताडा मासा, चिंबोऱ्या (खेकडे), निवट्या (चिखलातले छोटे मासे) काय मिळायच्या. आता भाऊ म्हणतो खाडीत काही राहिलं नाही आणि आमची खारातली भातशेती पण गेली, त्यात तिवरं आलीत, ती कोणी तोडू देत नाही. म्हणजे शेत पण गेलं आणि मासे पण गेले. हे कसं? (बिबवेवाडी)

उत्तर : आजी, तुमच्या पत्राने मला खरंच विचारात पाडलं, कारण या विषयावर लिहिणारे आम्ही लोक हा भाग बहुतेक टाळतो.

तुम्हाला माहितीच आहे पण बाकीच्यांसाठी सांगते, रायगडात खाडीच्या कडेला मातीचे बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवतात आणि आत पावसाच्या पाण्यावर भात घेतात, ही खारबंदिस्ती. बाहेरच्या मोठ्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात आणि पाणी सोडायच्या दाराला उघाडी. पूर्वी गाव मिळून दरवर्षी बांध दुरुस्त करायचं. मग 1979 चा खार जमीन विकासाचा कायदा आला, काम सरकारी खात्याकडे, आणि गावाचा हात सुटला. माणसं मुंबईला नोकरीला गेली हेही आहेच. बांधाला खांड पडली की उधाणाचं पाणी आत, एकदा मीठ बसलं की भात होत नाही, पाण्याबरोबर तिवराच्या बिया येतात आणि चार-पाच वर्षांत तिथे झाडी उभी राहते. कागदावर हे खारफुटीचं क्षेत्र वाढलं म्हणून दिसतं. तुमच्या भावाच्या घरी ते शेत बुडालं म्हणून दिसतं. दोन्ही खरं आहे, आणि राज्याची खारफुटी वाढली अशी बातमी वाचताना मला नेहमी वाटतं की यातली किती जुन्या जंगलाची आणि किती फुटलेल्या बांधांच्या आतली, हे वेगळं सांगायला पाहिजे.

आता तिवरं आली तर मासे वाढायला हवेत, मग गेले कुठे? जिताड्याचं आयुष्य बघा. तो खाडीच्या मुखाशी अंडी घालतो, पिल्लं पावसाळ्यात निमखाऱ्या पाण्यात, खाजणात, खारफुटीच्या मुळांत वाढतात, आधी नर असतात आणि मोठे झाल्यावर त्यातलेच मादी होतात. म्हणजे मोठे जिताडे आधीच पकडले की माद्याच पकडल्या. वर नदीतून येणारं गोडं पाणी धरणाने अडवलेलं, पात्रात ड्रेजर लावून रेती उपसलेली, कारखान्यांचं आणि वाढत्या गावांचं सांडपाणी. नुसती झाडं उभी असून चालत नाही, त्या झाडांतून ये-जा करणारं पाणी बरं पाहिजे. चिंबोरी आणि निवटी तर चिखलातच बिळं करून राहतात, त्या चिखलात काय मुरतंय ते आधी त्यांनाच कळतं.

भावाने करायचं काय? तिवरं तोडायला जाऊ नये, केस होईल. बांध फुटल्याची तारीख, पंचनामा, खारभूमी खात्याला दिलेली पत्रं, सगळं जपून ठेवावं आणि गावाने मिळून मागे लागावं, एकट्याचं पत्र फाईलीत जातं. शिवाय वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या (कांदळवन म्हणजे खारफुटीचं जंगल) उपजीविका योजनेत गावच्या गटांना खेकडापालन, कालवं, शोभिवंत मासे अशा कामांना मदत मिळते, तिची चौकशी करावी. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बायकांचा बचत गट होड्यांतून कांदळवन सफारी चालवतो, पुण्यातले लोक पैसे देऊन जातात. भाताची भरपाई त्यातून होत नाही, हे मलाही कळतं.

प्रश्न : माझ्या मुलीचा फ्लॅट नवी मुंबईत खाडीजवळ आहे. प्रचंड वास आणि डास. ती झाडी काढून टाकली तर दोन्ही जाईल ना? (औंध)

उत्तर : नाही जाणार. कुजलेल्या अंड्यासारखा जो वास येतो तो काही अंशी त्या चिखलाचा स्वभावच आहे, आत हवा नसते, तिथले जीवाणू गंधकाचा वायू सोडतात. हवा नसते म्हणूनच पडलेली पानं-मुळं लवकर कुजत नाहीत आणि कार्बन चिखलात शतकानुशतकं पडून राहतो, तो चिखल उकरला की हवेत जातो. पण डोकं उठवणारा वास असेल तर बहुतेक सांडपाणी आहे, झाडांचा दोष नाही. डासांचंही तसंच, रोज भरतीने धुतल्या जाणाऱ्या आणि मासे फिरणाऱ्या पाण्यात त्यांना अंडी घालायला निवांतपणा मिळत नाही. रस्ता किंवा भराव टाकून पाणी अडकलं की मग होतात. तेव्हा मुलीला म्हणावं, सोसायटीने झाडांबद्दल नाही तर तुंबलेल्या मोरीबद्दल तक्रार करावी. आणि बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या कराव्यात, डेंग्यूचा डास तिथे असतो.

प्रश्न : आमच्या कंपनीचा सीएसआर (समाजकार्याचा) ग्रुप आहे, खराडी. एक बस करून रायगडला जाऊन 5000 खारफुटीची रोपं लावायचा प्लॅन आहे. कुठल्या बीचवर जावं? टी-शर्ट आम्ही छापलेत. (टीम लीड)

उत्तर : टी-शर्ट आधी छापलेत म्हणजे प्लॅन झालाच म्हणायचा. बीचवर खारफुटी येत नाही, उघड्या लाटांत रोप टिकत नाही, ती खाडीच्या आतल्या शांत चिखलात येते. पण तिथेही मोकळा चिखल दिसला म्हणून रोपं खोचायला जाऊ नका. तो मोकळा चिखल हेच पक्ष्यांचं ताट असतं, शिंपल्या-तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांची रोजीही तिथेच. झाडाखाली रोहित चरत नाहीत. ठाण्याच्या खाडीत गाळ साचून खारफुटी चिखलावर पसरत चाललीय आणि पक्ष्यांची जागा कमी होतेय अशी काळजी अभ्यासक करतातच.

जिथे खारफुटी होती आणि मेली, तिथे ती का मेली हे आधी शोधावं लागतं. बहुतेकदा रस्त्याखाली पाईप नाही टाकलेला, किंवा पाईप आहे पण डेब्रिजने बंद, आत पाणीच जात नाही. ती वाट मोकळी केली की बिया आपोआप येतात, कांदळ जातीच्या खारफुटीच्या तर झाडावरच रुजून लांब शेंगेसारख्या लोंबतात आणि खाली पडल्या की तरंगत जाऊन चिखलात उभ्या राहतात. तुमची 5000 रोपं फुकटात. फोटोला मात्र तेवढं बरं दिसत नाही.

तर सुचवते ते असं. कांदळवन कक्षाला (2012 मध्ये राज्याने स्थापन केलेला वनविभागाचाच भाग) आधी विचारा, त्यांच्याशिवाय खारफुटीत काही करूच नका. प्लास्टिक आणि थर्माकोल काढायचं काम ते बहुतेक देतील, कारण श्वास घ्यायला चिखलातून वर आलेल्या मुळांवर पिशव्या बसल्या की झाड गुदमरतं. ते काम गलिच्छ आहे, गुडघाभर चिखलात, जुने बूट आणा, पांढरे टी-शर्ट परत पांढरे होणार नाहीत. पैसे उरले तर कायद्याचं काम करणाऱ्या स्थानिक गटाला द्या, कारण पाणथळ जागा जपायच्या 2017 च्या नियमांतून सीआरझेडमधल्या जागा, मिठागरं, भातखाचरं वगळलेली आहेत, आणि 2024 मध्ये मुंबईतली सुमारे 256 एकर मिठागरांची जमीन घरांसाठी द्यायचं ठरलं. तिथे भांडायला वकील आणि नकाशे लागतात.

आणि रायगडला जायचंच तर ताम्हिणीतून जा, मुळशी धरण बघत, मग कोलाड, रोहा, रेवदंडा. बस भरतीच्या वेळेचा हिशोब करून काढा, नाहीतर पोचाल तेव्हा सगळा चिखल पाण्याखाली आणि टीम नाश्त्याला बसलेली.